पार्सल पोहोचवण्याच्या कामावर आयुष्य काढता येईल का?

मुंबईत घरची निकड असलेल्या आणि दुचाकी चालवता येणाऱ्या तरुणाला आज सर्वांत लवकर हाताशी येणारे काम म्हणजे पार्सल पोहोचवण्याचे. परवाना, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक ॲपवर चढवले की थोड्याच दिवसांत आयडी चालू होतो, जवळच्या हबवरून पार्सलांची पिशवी उचलता येते, आणि पहिल्याच महिन्यात खात्यावर येणारी रक्कम घरातल्यांना हायसे वाटावे एवढी असते. त्यामुळे हे काम किती वर्षे करायचे, हा प्रश्न सुरुवातीला कोणी फारसा विचारत नाही. तो पाच-सहा वर्षांनी समोर येतो. लग्नाची बोलणी चालू असताना समोरची मंडळी नोकरी कायम आहे का ते विचारतात, घराच्या कर्जासाठी बँक पगाराची पावती मागते, चौथा मजला चढताना गुडघा दुखू लागतो, आणि पस्तिशीतल्या माणसाला पहिल्यांदाच हिशेब मांडावा लागतो की अजून पंचवीस वर्षे हेच करता येईल का. तो हिशेब आधीच कसा मांडावा, हे या लेखात समजावून सांगायचे आहे. निष्कर्षही आधीच सांगून टाकणे बरे. माल दारापर्यंत पोहोचवण्याच्या कामावर या शहरात माणसांनी अख्खी आयुष्ये काढली आहेत आणि पुढेही काढता येतील. मात्र ज्या अटींवर हे काम आज बहुतेकांना मिळते, त्या अटींवर ते तीन ते पाच वर्षांहून अधिक काळ करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

जुन्या मुंबईचा दाखला

डबेवाल्यांची सुरुवात १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी केली असे मानले जाते. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतून आलेल्या घराण्यांतल्या कित्येक पिढ्यांनी याच एका कामावर संसार केले, मुलांची शिक्षणे केली, गावाकडची शेती टिकवली. सायकल, हातगाडी आणि लोकलचा मालडबा एवढ्याच साधनांवर चाललेले हे काम शरीराला सोपे नव्हते. तरीही ते आयुष्यभर टिकले, आणि त्याचे कारण त्याच्या रचनेत सापडते. डबेवाला कोणाचा नोकर नसतो. तो आपल्या गटाचा हिस्सेदार असतो. गटाला मुकादम असतो, ग्राहकाकडून महिन्याचे ठरलेले पैसे येतात, खर्च गटात वाटला जातो, आणि एखादा आजारी पडला तर दुसरा त्याची लाईन सांभाळतो. त्या रचनेलाही मर्यादा होत्याच. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली, कार्यालये बंद झाली, तेव्हा गटाकडे वाटून घेण्यासारखे काहीच उरले नाही आणि अनेकांना गावी परतावे लागले.

दुसरा दाखला पोस्टमनचा. सातव्या वेतन आयोगात पोस्टमनचे पद तिसऱ्या वेतनस्तरात आहे, म्हणजे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होऊन ६९,१०० रुपयांपर्यंत जाते आणि महागाई भत्ता त्यावर वेगळा मिळतो. त्याचे रोजचे काम पाहिले तर पिशवी, पत्ते, जिने आणि सही घेणे हेच आहे. तरी त्याला दरवर्षी वेतनवाढ, रजा, आजारपणातले उपचार, खात्यांतर्गत परीक्षा देऊन पुढच्या पदावर जाण्याची वाट आणि निवृत्तीनंतरचे उत्पन्न मिळते. म्हणजे तेच काम, त्याच गल्लीत, दोन माणसे करतात आणि एकाचे साठाव्या वर्षी सुरळीत असते, दुसऱ्याचे नसते. फरक करारात आहे, म्हणून आधी करार समजून घ्यायला हवा.

काम एक, करार अनेक

आज मुंबईत पार्सल पोहोचवणारी माणसे ढोबळमानाने चार प्रकारांनी बांधलेली आहेत. पहिला आणि सर्वांत सहज मिळणारा प्रकार ॲपच्या आयडीचा आहे. त्यात गाडी तुमची, पेट्रोल तुमचे, फोन तुमचा आणि पैसे पार्सलामागे किंवा ऑर्डरमागे मिळतात. करारात तुम्हाला 'भागीदार' म्हटलेले असते आणि त्याचा कायदेशीर अर्थ एवढाच की कंपनी तुमची मालक नाही. तक्रार आली, रोख रकमेत तूट दिसली, रेटिंग घसरले, की आयडी बंद होऊ शकतो आणि तो पुन्हा चालू करून घेण्यासाठी कोणाकडे जायचे हेही अनेकदा स्पष्ट नसते.

दुसऱ्या प्रकारात हब एखादा वेंडर, म्हणजे कंत्राटदार, चालवतो आणि माणसे त्याच्या पगारपत्रकावर असतात. पार्सल मोठ्या कंपनीचे, टी-शर्ट तिचा, पण पगाराची पावती वेंडरची. येथे पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य व अपघात विमा) असायला हवेत आणि बऱ्याच ठिकाणी असतातही. मात्र कंत्राट बदलले की वेंडर बदलतो आणि माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. तिसरा प्रकार कंपनीच्या थेट पगारावरील नोकरीचा. जुन्या कुरियर कंपन्यांमध्ये ही पद्धत अधिक होती, आता अशा जागा थोड्या आहेत, पण मिळाली तर सोडू नये अशी ती जागा असते. चौथा प्रकार स्वतःचा टेम्पो, ज्याला आपल्याकडे सगळे छोटा हत्ती म्हणतात, हबला लावण्याचा. तो नोकरीपेक्षा धंदा आहे; त्याकडे पुढे येऊ.

करारामुळे केवढा फरक पडतो याचे परदेशातले ठळक उदाहरण अमेरिकेतील यूपीएस या कंपनीचे आहे. तिचे पार्सल पोहोचवणारे चालक कंपनीचे कर्मचारी आहेत आणि टीमस्टर्स या कामगार संघटनेचे सभासद आहेत. २०२३ मध्ये सुमारे ३,४०,००० कामगारांसाठी झालेल्या पाच वर्षांच्या करारात पूर्णवेळ चालकांचा वरच्या पातळीचा सरासरी दर कराराच्या अखेरीस तासाला ४९ डॉलरपर्यंत नेण्याचे ठरले, आरोग्यविमा आणि पेन्शन त्याशिवाय. तिथे हे काम मध्यमवर्गीय जीवन देणारे मानले जाते ते या करारांमुळे. पण त्याच कंपनीने २०२५ मध्ये ॲमेझॉनसाठी वाहून नेण्याचे काम निम्म्याहून कमी करण्याचे ठरवले आणि त्या वर्षी सुमारे २०,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. चांगला करार माणसाला पुष्कळ काही देतो. मोठा ग्राहक निघून गेला तर मात्र त्यालाही सगळे सावरता येत नाही.

खात्यावर आलेले आणि हातात उरलेले

सर्वांत मोठी गल्लत होते ती येथे. ॲपवर दिसणारा आठवड्याचा आकडा म्हणजे आपली कमाई, असे बहुतेक जण धरून चालतात. तो आकडा धंद्याची उलाढाल आहे. त्यातून खर्च वजा केल्यावर जे उरते ती कमाई. एक उदाहरण आकड्यांनिशी मांडून पाहू. यातले आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

समजा, एका रायडरच्या खात्यावर महिन्याला २८,००० रुपये जमा होतात. तो २६ दिवस, रोज ८० किलोमीटर गाडी चालवतो, म्हणजे महिन्याला २,०८० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरले, तर इंधनाचे सुमारे ४,८०० रुपये होतात. सर्व्हिसिंग, ऑइल, ब्रेक, चेन आणि टायर यांचे महिन्याला सरासरी १,५०० धरू. फोन, डेटा, रेनकोट, अधूनमधून भरावा लागणारा दंड यांचे १,०००. हे तीन खर्च निदान दिसतात. चौथा दिसत नाही, तो गाडीच्या झिजेचा. वर्षाला २५,००० किलोमीटर चालणारी गाडी चार वर्षांत लाखभर किलोमीटर पळते. एक लाखाला घेतलेली ही गाडी तेव्हा वीस हजारांना विकली गेली, तर ८०,००० रुपये चार वर्षांत झिजून गेले, म्हणजे महिन्याला जवळपास १,७००. हे पैसे महिन्याच्या महिन्याला खिशातून जात नाहीत म्हणून ते कोणी मोजत नाही, आणि चार वर्षांनी नव्या गाडीचा हप्ता सुरू होतो तेव्हा ते एकदम अंगावर येतात. एकूण खर्च ९,००० झाला. हातात १९,००० उरले.

आता त्याच हबवर पगारपत्रकावर असलेल्या माणसाचा हिशेब पाहू. समजा, त्याचा पगार २०,००० आहे, त्यातला १५,००० मूळ पगार, आणि पेट्रोलचे व गाडीचे पैसे कंपनी वेगळे देते. त्याच्या पगारातून पीएफचे १,८००, ईएसआयचे १५० आणि व्यवसायकराचे २०० कापले जातात. हातात १७,८५० येतात. पहिल्यापेक्षा ११५० रुपये कमी. बहुतेक तरुण येथेच थांबतात आणि ॲपचे काम बरे म्हणतात. पण मालक या माणसासाठी पीएफमध्ये आणखी १,८००, ईएसआयमध्ये ६५० आणि ग्रॅच्युइटीपोटी महिन्याला सुमारे ७२० रुपये बाजूला टाकतो. म्हणजे या माणसाच्या नावावर दरमहा पीएफचेच ३,६०० जमा होत राहतात, त्यातल्या पेन्शनच्या हिश्शावर दहा वर्षांच्या सेवेनंतर वयाच्या ५८ व्या वर्षापासून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, घरातल्यांना ईएसआयचे उपचार मिळतात, आणि पगारी रजाही मिळते. ॲपवर काम करणाऱ्याला हे सगळे स्वतः उभे करायचे तर १९,००० मधून निदान साडेचार-पाच हजार दर महिन्याला वेगळे काढावे लागतील. तेवढी शिस्त ज्याला शक्य आहे, आणि जो खरोखर ते पैसे बाजूला काढतो, त्याच्यासाठी दोन्ही वाटा सारख्या आहेत असे म्हणता येईल. भाड्याच्या खोलीत राहून, गावी पैसे पाठवून हे करणारे थोडेच असतात, आणि हा त्यांचा दोष नव्हे.

पार्सलामागच्या दराबद्दल आणखी एक गोष्ट मुंबईत विशेष जाणवते. दर ठरतो तो साधारण अंतरावर, वजनावर किंवा नगावर. प्रत्यक्षात वेळ जातो तो दारापाशी. लोअर परळच्या टॉवरमध्ये गेटवर नोंद करणे, सर्व्हिस लिफ्टची वाट पाहणे आणि परत येणे यात रस्त्यावरच्या प्रवासापेक्षा अधिक वेळ मोडतो. गिरगाव-लालबागच्या चाळीत लिफ्टच नसते. पुनर्वसनाच्या इमारतीत ती असते पण चालू असेलच असे नाही. गाडी कुठे उभी करायची हा प्रश्न त्यात आहेच, आणि दिवसभरात स्वच्छतागृह कुठे सापडणार हाही. या शेवटच्या प्रश्नामुळे स्त्रियांना हे काम किती अवघड होते, याची चर्चा फार कमी होते आणि ती व्हायला हवी. पावसाळ्यात मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे तुंबला की वळसा घालावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी जादा इन्सेंटिव्ह लागू होतो. ते पैसे माणसाला आवश्यक वाटतात म्हणून तो बाहेर पडतो. पण ते जास्त कामाचे नसून जास्त धोक्याचे पैसे आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मागणी वाढते, दर का वाढत नाही

ऑनलाइन खरेदी वाढते आहे, भिवंडीच्या पट्ट्यात गोदामांवर गोदामे उभी राहत आहेत, तेव्हा या कामाला भविष्य आहे, असे नेहमी सांगितले जाते. कामाला भविष्य आहे हे खरेच आहे. नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये असे गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीऐवजी कामागणिक पैसे घेणारे, ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. पण हाच आकडा उलट बाजूनेही वाचावा लागतो. मागणी वाढते तशीच काम करायला तयार असलेली माणसेही वाढतात, आणि या कामात शिरायला लागणारा वेळ इतका कमी आहे की दर वाढवण्याची गरज कंपनीला क्वचितच भासते. एकाने दर परवडत नाही म्हणून सोडले तर त्याची जागा आठवड्यात भरते.

अनुभवाचे मोल का होत नाही, हेही समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी कुरियरमधल्या जुन्या माणसाला किंमत होती, कारण 'गणपती मंदिरामागे, दुसरी गल्ली, पिठाच्या गिरणीवर' हा पत्ता त्यालाच सापडायचा. तो माणूस सुट्टीवर गेला तर त्या भागातली पार्सले पडून राहायची. आता रायडर दारात उभा राहून ओटीपी टाकतो तेव्हा त्या पत्त्याचे ठिकाणही कंपनीकडे नोंदले जाऊ शकते, आणि अशा हजारो नोंदींवरून पत्ते नकाशावर पक्के होत जातात. जुन्या माणसाच्या डोक्यातली गल्ली अशी नकाशात गेली की पुढच्या महिन्यात आलेला नवा मुलगाही तिथे पोहोचतो. यात कोणाची फसवणूक आहे असे नाही. तंत्रज्ञान असेच चालते. परंतु दहा वर्षे काम केलेल्याचा दर आणि दहा दिवस काम केलेल्याचा दर सारखाच राहतो, तो यामुळे. ज्या कामात वयाबरोबर शरीराची ताकद घटते आणि अनुभवाचे पैसे मिळत नाहीत, त्या कामात तिशीनंतर उत्पन्न खाली येऊ लागते. ड्रोन किंवा यंत्रमानव येऊन नोकरी घेतील ही भीती मुंबईच्या जिन्यांकडे पाहता मला दूरची वाटते. ही दुसरी गोष्ट जवळची आहे.

अपघात आणि विम्यातली फट

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. दिवसाचे दहा-बारा तास दुचाकीवर काढणाऱ्याने हा आकडा आपल्याशी संबंधित आहे असे धरूनच विम्याचा विचार करायला हवा. येथे एक फट आहे, जी फारच थोड्या जणांना माहीत असते. खासगी दुचाकीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि त्यात भाड्याने वापर व सामानाची वाहतूक वगळलेली असते. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीवर पार्सले नेत असताना अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी याच कलमावर नाकारू शकते. म्हणून पॉलिसी घेताना गाडीचा खरा वापर सांगणे आणि त्यानुसार विमा घेणे महाग पडले तरी आवश्यक आहे.

कंपनीने दिलेला अपघात विमा असतो तेव्हा तो कोणत्या वेळेला लागू आहे ते वाचावे. ऑर्डर हातात असतानाच तो लागू आहे, की आयडी चालू असताना, की घरून निघाल्यापासून, यावर सगळे अवलंबून असते. ईएसआयमध्ये असलेल्या कामगाराला ही चिंता कमी असते. तिथे कामावरच्या दुखापतीमुळे घरी बसावे लागले तर बरे होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते, कायमचे अपंगत्व आले तर दरमहा भरपाई मिळते, आणि घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातला अपघातही काही अटींवर त्यात धरला जातो. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर हा हक्क आहे, मालकाची मर्जी नव्हे.

ज्यांना ईएसआय नाही त्यांनी निदान बँकेतून मिळणाऱ्या दोन सरकारी योजना लगेच घ्याव्यात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, आणि जीवन ज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा. ही रक्कम मोठी नाही, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरी आहे.

नवा कायदा काय देतो आणि काय देत नाही

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संसदेने मंजूर केली आणि चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. या संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची कायद्यात प्रथमच व्याख्या झाली. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची आहे. मात्र ती कामगारांना दिलेल्या किंवा देय असलेल्या एकूण मोबदल्याच्या ५ टक्क्यांहून अधिक असणार नाही. या निधीतून अपघात, आरोग्य, वृद्धापकाळ अशा योजना राबवायच्या आहेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अशा कामगारांना ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी, ओळखपत्र आणि आयुष्मान भारत योजनेतील उपचार देण्याचे जाहीर झाले. त्या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार मिळतात. ई-श्रमची नोंदणी विनामूल्य आहे आणि ती प्रत्येकाने करून ठेवावी.

हे सगळे स्वागतार्ह आहे. तरीही त्याचे वजन नीट जोखले पाहिजे. आपण वर घेतलेल्या उदाहरणात पगारावरच्या माणसासाठी मालक पगाराच्या सुमारे सोळा टक्के रक्कम भविष्यासाठी भरत होता, आणि पीएफचा हिस्सा त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर जमा होत होता. नव्या कायद्यात कमाल मर्यादा पाच टक्के आहे आणि ती रक्कम सामायिक निधीत जाते. शिवाय गिग कामगाराची व्याख्याच मालक-कामगाराच्या पारंपरिक नात्याबाहेर काम करणारा अशी असल्यामुळे किमान वेतन, ग्रॅच्युइटी, पगारी रजा हे कर्मचाऱ्याचे हक्क त्याला आपोआप मिळत नाहीत.

यावर 'कामगार एकाच दिवशी तीन ॲपवर काम करतो, मग त्याचा मालक कोण ठरवणार' असा आक्षेप घेतला जातो. महाराष्ट्राने हा पेच अर्ध्या शतकापूर्वी सोडवलेला आहे, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मशीद बंदर, भाऊचा धक्का, लोखंड बाजार येथे ओझी वाहणारा माथाडी कामगारही एकाच दिवशी अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलत असे आणि त्यातला एकही त्याचा मालक म्हणवून घेत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यानंतर १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यानुसार व्यापारी आणि कामगार दोघांची नोंदणी मंडळात होते, व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या टक्केवारीने ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरतो, आणि मंडळ कामगाराला मजुरी, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे आणि उपचार देते. मालक किती आणि कोण हा प्रश्नच मग उरत नाही. कोपरखैरणे आणि घणसोलीत उभ्या राहिलेल्या माथाडींच्या वसाहती या रचनेचे फळ आहेत. मंडळांच्या कारभाराबद्दल तक्रारी आहेत, बनावट नोंदी आणि दमदाटीचे आरोपही झाले आहेत, आणि ते दुर्लक्षण्याजोगे नाहीत. पण डोक्यावर पोते घेऊन चालणाऱ्या माणसाला जे देता आले ते पाठीवर पिशवी घेऊन फिरणाऱ्याला देता येत नाही, हे मला पटत नाही. ॲपमध्ये तर प्रत्येक पार्सलाची नोंद आधीच असते. लेव्ही मोजणे १९६९ पेक्षा आज कितीतरी सोपे आहे. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले, ते काहीसे याच दिशेचे आहेत.

कायदा बदलेपर्यंत माणसाने काय करावे

ज्याला या क्षेत्रात राहायचे आहे त्याने दुचाकीचा काळ हा पुढच्या पायरीचे भांडवल जमवण्याचा काळ मानावा. पहिली पायरी चारचाकीच्या परवान्याची. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. म्हणजे कार शिकून घेतलेला परवाना छोटा हत्ती किंवा पिकअप चालवायला पुरतो. मोठ्या गाडीकडे जायचे असेल तर वाहतूक वाहनाच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकलेली आहे. न्हावाशेवा बंदराच्या कंटेनर गाड्यांपर्यंतची वाट त्यातून उघडते. तिथे कौशल्याला दर मिळतो, कारण ते चार दिवसांत येत नाही.

स्वतःचा टेम्पो घेण्याचा मोह लवकर होतो. ३,००० किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, म्हणून सुरुवात सोपी वाटते. पण हप्ता, व्यावसायिक विमा, फिटनेस, पार्किंग आणि हेल्परचा पगार हे सर्व काम असो वा नसो चालूच राहतात. फक्त एका हबच्या तोंडी आश्वासनावर गाडी घेऊ नये. निदान दोन ठिकाणचे काम हाताशी असेल आणि सहा महिन्यांचे हप्ते शिलकीत असतील तरच हा धंदा झेपतो. हबमध्ये टीएल (टीम लीडर) किंवा इनचार्ज होण्याची वाटही आहे, आणि संगणकावर शीट भरता येणाऱ्या, माणसे सांभाळता येणाऱ्या मुलांनी ती अवश्य धरावी. फक्त चाळीस रायडरांमागे अशा जागा दोन-तीनच असतात, हे ध्यानात ठेवावे. पोस्टाची परीक्षा वयोमर्यादेत असेपर्यंत देत राहावी. मराठी लिहिता-वाचता येणे हा त्या भरतीत आपल्या मुलांच्या बाजूचा मुद्दा आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत एवढे करावेच. कंत्राटी मोबदल्यातून १ टक्का आयकर कापला जात असेल तर दरवर्षी विवरणपत्र भरावे. उत्पन्न करपात्र नसेल तर ती रक्कम परत मिळते, आणि तीन वर्षांची विवरणपत्रे बँकेत पगाराच्या पावतीचे काम करतात. वेंडरकडे कामाला लागताना यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, विचारून घ्यावा आणि पीएफचे पैसे खरोखर जमा होतात का ते दर महिन्याला उमंग ॲपवर पाहावे. कापलेले पैसे जमा होत नसतील तर पीएफ कार्यालयात तक्रार करता येते, आणि कंत्राटदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. वेंडर बदलला की अनेक जण जुना पीएफ आणि त्यासोबत पेन्शनचा हिस्साही काढून घेतात. लग्नाला, आजारपणाला पैसे लागतात हे खरे, परंतु पेन्शनचा हिस्सा काढला की तेवढी वर्षे मोजणीतून जातात. तो न काढता जुने खाते त्याच यूएएनवर नव्या ठिकाणी वळवले, तर चार वेंडरांकडे मिळून झालेली सेवाही एकत्र मोजली जाते आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षे त्यातूनच भरतात.